आधी वापर विचारा, मग पैसे सांगा: नव्या स्वतंत्र इलस्ट्रेटरसाठी व्यवहाराची वाट

"मुखपृष्ठाचे किती घेता?" नव्या इलस्ट्रेटरला पहिल्याच फोनवर हा प्रश्न येतो. गडबडून एखादा आकडा सांगितला जातो आणि काम सुरू होतं. तो आकडा नेमका कशाकशासाठी आहे, हे ना सांगणाऱ्याने स्पष्ट केलेलं असतं, ना ऐकणाऱ्याने. पहिल्या आवृत्तीपुरता? पुढच्या सगळ्या आवृत्त्यांसाठी? तेच चित्र ई-बुकवर, इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत, प्रकाशन समारंभाच्या फ्लेक्सवर किंवा कापडी पिशवीवर छापलं तर? पुढे जे वाद होतात, त्यातले बहुतेक या न विचारलेल्या प्रश्नांमुळेच होतात.

हा लेख नुकतं काम घ्यायला लागलेल्यांसाठी आहे. चित्र काढता येतं, दोन-चार कामंही झाली आहेत, पण कोटेशन, करार, बिल, कर हे शब्द आले की पोटात गोळा येतो, अशांसाठी. कायद्याचे आणि करांचे तपशील भारतातले आहेत, काही खास महाराष्ट्रातले.

पहिली पायरी: आपण काय विकतोय ते नीट समजून घ्या

मूळ चित्र, म्हणजे कागद किंवा फाइल, ही एक वस्तू. ते छापण्याचा, त्याच्या प्रती काढण्याचा, त्यात बदल करण्याचा हक्क ही दुसरी. कॉपीराइट म्हणतात तो या दुसऱ्या गोष्टीला. प्रकाशकाला मूळ चित्र भेट दिलं, तरी त्याचे पोस्टर काढून विकण्याचा हक्क आपोआप त्याच्याकडे जात नाही. उलट मूळ चित्र तुमच्या कपाटात असूनही त्याचे सगळे हक्क तुम्ही सहीनिशी देऊन बसलेले असू शकता.

आपला कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. चित्र काढलं की त्याच क्षणी कॉपीराइट निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. "चित्रकार हाच पहिला मालक" हे मूळ तत्त्वही कायद्यात आहे. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

कमी जणांना माहीत असतं ते कलम १७ मधले अपवाद. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, सर्वसाधारणपणे मालकाचा. आणि नोकरी नसली तरी, कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो! म्हणजे काहीच न लिहिण्याचा तोटा आपल्यालाच. कायद्यात पेंटिंग आणि ड्रॉइंग असे वेगळे शब्द आहेत आणि या अपवादात ड्रॉइंगचा उल्लेख नाही. मग टॅबवर रंगवलेलं मुखपृष्ठ कशात मोडतं, यावर वकील तास न् तास बोलू शकतील. तुम्हाला त्या वादात पडायची गरज नाही. कोटेशनमध्ये "चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील" एवढी एक ओळ टाकून समोरच्याचा होकार घेतलात की प्रश्न मिटला.

हक्क देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला परवानगीचा, म्हणजे लायसन्स: खोली भाड्याने देतो तसं, ठरावीक वापरासाठी, ठरावीक काळासाठी. दुसरा हस्तांतराचा, म्हणजे असाइनमेंट: त्यात हक्कच समोरच्याच्या नावावर होतो. हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. कलम १९ मध्ये हे आहे. पण यावर विसंबून राहू नका, कारण मोठ्या कंपन्यांच्या करारात "कायमस्वरूपी, जगभर" असं आधीच छापलेलं असतं.

एक हक्क मात्र सगळं विकून टाकलं तरी तुमच्याकडे राहतो. कलम ५७ प्रमाणे, हे चित्र माझं आहे असं सांगण्याचा आणि तुमच्या नावाला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार चित्रकाराचा असतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं, त्यात त्याची मोडतोड झाली. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. समोर भारत सरकार होतं, हे लक्षात घ्या. श्रेयनामावलीत नाव मागताना म्हणूनच संकोच करू नका. पुस्तकाच्या आतल्या पानावर "मुखपृष्ठ व रेखाटने" यापुढे तुमचं नाव येणं ही कुणी केलेली मेहेरबानी नसते.

दुसरी पायरी: आकडा सांगण्याआधी विचारायचे प्रश्न

फोन आला की वही उघडा. चित्र कशासाठी: पुस्तक, मासिक, पॅकेजिंग, जाहिरात, ॲप? किती चित्रं, कोणत्या मापाची, रंगीत की काळी-पांढरी? किती प्रती, कोणत्या भाषांत? छापील आणि डिजिटल दोन्ही का? किती काळ? तुम्हालाच वापरायचंय की मला पुढे आणखी कुणाला देता येईल? कच्चं रेखाटन कधी हवं, फायनल कधी? मंजुरी कोण देणार? आणि शेवटी, थेटच: बजेट किती ठेवलंय?

मंजुरीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याच्यामुळे आठवडे वाचतात. संपादक खूश, मग लेखकाला दाखवतात, लेखक घरी दाखवतो, आणि तिसऱ्या दिवशी "नायिका जरा गोरी करता येईल का?" असा निरोप येतो. एकच माणूस अंतिम शब्द देईल, असं सुरुवातीलाच ठरवून घ्या.

बजेट विचारणं उद्धट नाही. समोरची व्यक्ती "तुम्हीच सांगा" म्हणाली, तर "सगळा तपशील आला की उद्या दुपारपर्यंत लेखी पाठवते" म्हणा आणि फोन ठेवा. फोनवर आकडा सांगू नका. "छोटंसंच चित्र आहे, तुमच्यासाठी दहा मिनिटांचं काम" हे वाक्य ऐकलं तरी नाही.

तिसरी पायरी: तुमचा दिवसाचा दर काढा

इतर लोक किती घेतात हे विचारत फिरण्याआधी, तुम्हाला किती लागतात ते कागदावर मांडा. एक कल्पित उदाहरण घेऊ. घरखर्च महिना ३५,०००. कामाचा खर्च, म्हणजे सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज, रंग-कागद, आरोग्य विमा, सीएची फी आणि टॅबलेट-लॅपटॉप बदलावा लागेल त्यासाठी बाजूला काढलेले, मिळून १५,०००. कर आणि बचत १५,०००. एकूण ६५,०००.

आता महिन्यातले किती दिवस खरोखर पैशाचं काम होतं? मेल, कोटेशन, नमुने, बँक, दुरुस्त्या आणि रिकामे दिवस वजा केले की सुरुवातीच्या काळात १३ दिवस धरणं वास्तवाला धरून होईल. ६५,००० भागिले १३ म्हणजे दिवसाला ५,०००. मुखपृष्ठाला रफसकट, म्हणजे कच्च्या रेखाटनासकट, तीन दिवस लागत असतील तर १५,००० हा तुमचा पाया. याखाली गेलात तर ते काम तुम्ही स्वतःच्या खिशातून करताय.

हा पाया झाला. त्यावर वापराचा विचार चढतो. हजारभर प्रतींच्या कवितासंग्रहावरचं चित्र आणि देशभर विकल्या जाणाऱ्या बिस्किटांच्या पुड्यावरचं चित्र काढायला तेवढेच तीन दिवस लागतील, पण दुसऱ्या चित्रातून कंपनी वर्षानुवर्षं कमावणार आहे. तिथे पायाच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून जास्त मागणं योग्यच आहे, आणि जाहिरात क्षेत्रातल्या लोकांना त्याचं नवलही वाटत नाही. घाईचं काम असेल तर त्याचे वेगळे. समोरच्याला "दुसऱ्या कुणालाच देऊ नका" असं हवं असेल तर त्याचेही वेगळे.

मराठी पुस्तकांच्या व्यवसायात आवृत्त्या लहान असतात आणि बरेच प्रकाशक खरोखरच हा पायाही देऊ शकत नाहीत. अशा वेळी नुसती किंमत पाडू नका. काम आणि हक्कही त्या प्रमाणात कमी करा. चार रंगांऐवजी दोन रंगांचं मुखपृष्ठ, तीनऐवजी एकच रफ, फक्त पहिली आवृत्ती, डिजिटल वगळून. दुसरी आवृत्ती निघाली तर पुन्हा मानधन, किंवा विक्रीवर थोडी रॉयल्टी. मुलांच्या चित्रपुस्तकात चित्रकाराचा वाटा लेखकाइतकाच असतो, तिथे रॉयल्टीचं बोलणं अगदी रास्त आहे.

दिवाळी अंकांचं गणित वेगळं असतं. काम साधारण जून-जुलैपासून सुरू होतं, अंकाचा बराचसा खर्च जाहिरातींवर निघतो आणि जाहिरातींचे पैसे यायला दिवाळी उलटून जाते. "अंक आल्यावर बघू" याचा अर्थ अनेकदा जानेवारी असा होतो. मानधनाची तारीख अंकाशी न बांधता कॅलेंडरशी बांधा: "चित्रं दिल्यापासून ३० दिवसांत". दिवाळी अंक सोडू नका, असंच मी सांगेन. तिथे मिळणारी मोकळीक दुसरीकडे क्वचितच मिळते, आणि मराठी चित्रकारांनी या अंकांमधून स्वतःची ओळखच घडवली आहे. दीनानाथ दलालांनी तर १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा वार्षिक अंकच काढला. चित्रकार स्वतःच प्रकाशक होऊ शकतो, याचा याहून ठळक दाखला आपल्याकडे शोधावा लागत नाही.

चौथी पायरी: लेखी कोटेशन

पंधरा पानी कराराची गरज नाही. साधा मेल आणि त्यावर समोरून आलेलं "मान्य आहे" हा चांगला पुरावा असतो. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तरी सगळं एका मेलमध्ये गोळा करून पाठवा. नमुना असा:

"नमस्कार मॅडम, काल बोलल्याप्रमाणे तपशील पाठवत आहे.
काम: कथासंग्रहाचं मुखपृष्ठ (पुढचं पान, पाठ, कणा), रंगीत. आतली रेखाटनं ८, काळी-पांढरी.
वापर: मराठी छापील आवृत्ती, १,००० प्रतींपर्यंत, आणि त्याच पुस्तकाच्या प्रसिद्धीसाठी समाजमाध्यमांवर. ई-बुक, अनुवाद, पुढच्या आवृत्त्या किंवा इतर वस्तूंसाठी वेगळं मानधन ठरवू.
कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. आतल्या पानावर श्रेय द्यावं. एआय प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी चित्रं वापरण्याची परवानगी यात नाही.
टप्पे: मुखपृष्ठाची दोन रफ रेखाटनं १० तारखेला, मंजुरीनंतर १२ दिवसांत फायनल. रफवर दोनदा आणि फायनलवर एकदा बदल मानधनात धरले आहेत. त्यापुढील बदल दिवसाच्या दराने.
मानधन: २८,००० रुपये. निम्मे काम सुरू करताना, उरलेले फायनल फाइल देण्याआधी.
काम मध्येच थांबलं तर: रफनंतर थांबल्यास ५० टक्के, फायनलनंतर थांबल्यास १०० टक्के. वापरले न गेलेले हक्क चित्रकाराकडे परत.
प्रती: पुस्तकाच्या ५ प्रती. हे दर १५ दिवसांसाठी लागू.
मान्य असल्यास या मेलला तसं उत्तर द्यावं, म्हणजे ॲडव्हान्सचं बिल पाठवते."

यातली सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी ओळ म्हणजे काम मध्येच थांबलं तर काय. पुस्तक रद्द होतं, कंपनीचा मॅनेजर बदलतो, मोहीमच गुंडाळली जाते. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण तुमचे आठ दिवस गेलेले असतात.

ॲडव्हान्स मागायला लाजू नका. कधीही न भेटलेल्या क्लायंटकडून तो आल्याशिवाय पेन्सिल उचलू नका, हा नियम नवख्यांनी तर कडकपणे पाळावा. ॲडव्हान्स द्यायला जो महिनाभर टाळतो, तो उरलेले पैसे किती दिवसांत देईल याचा अंदाज तिथेच येतो.

पाचवी पायरी: त्यांचा करार आला तर

कंपन्या आपला छापील करार पाठवतात. तो पूर्ण वाचा. इंग्रजी जड वाटलं तर एखाद्या जाणकाराला बसवून वाचा, पण वाचल्याशिवाय सही नको. काही शब्दांपाशी थांबायचंच. सगळे हक्क, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, "आज ज्ञात असलेल्या व पुढे येणाऱ्या" अशी भाषा आली, तर समजायचं की हे पूर्ण हस्तांतर आहे आणि तुमचं कोटेशन मर्यादित वापराचं होतं. दोन पर्याय आहेत: एकतर करार कोटेशनप्रमाणे बदलायला सांगा, किंवा मानधन हस्तांतराला साजेसं करा. "हे कलम बदलता येईल का?" एवढं नम्रपणे विचारलं की पुष्कळ ठिकाणी बदलतं. विचारणारेच थोडे असतात.

नुकसानभरपाईचं कलमही नीट बघा. चित्रावर कुणी दावा केला तर अमर्याद भरपाई तुम्ही द्यायची, असं लिहिलेलं असतं. ती रक्कम तुम्हाला मिळालेल्या मानधनापुरती मर्यादित करून मागा. याची दुसरी बाजू तुमच्या टेबलावर आहे: इंटरनेटवरचा फोटो जसाच्या तसा ट्रेस करू नका, वैयक्तिक वापरापुरता मोफत असलेला फॉन्ट व्यावसायिक कामात घालू नका, आणि सॉफ्टवेअर अधिकृत घ्या.

खुल्या परवान्यावरच्या कामाला कधीकधी चित्रकार बिचकतात. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या बेंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे व्यासपीठ सुरू केलं. तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर असतात, म्हणजे श्रेय देऊन कुणालाही त्यांचा अनुवाद करता येतो, त्या छापता येतात, अगदी विकताही येतात. यामुळे तुमचं चित्र अनेक भाषांतल्या मुलांपर्यंत जातं, आणि त्या बदल्यात त्याच चित्राचा वेगळा वापर विकण्याची संधी जवळपास संपते. दोन्ही बाजू समजून हो म्हटलंत तर ते सुंदर काम आहे.

लोगो किंवा शुभंकर चित्रांच्या खुल्या स्पर्धांचे नियम मात्र शेवटपर्यंत वाचा. काही ठिकाणी न जिंकलेल्या प्रवेशिकांचे हक्कसुद्धा आयोजकांकडे जातात. अशा ठिकाणी मी तरी चित्र पाठवायला सांगणार नाही.

सहावी पायरी: काम सुरू असताना

इथे थोडक्यात. छपाईसाठी ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके), सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत), चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), आणि कण्याची जाडी मुद्रकाकडून पक्की झाल्यावरच मुखपृष्ठ जुळवायचं. रफ आणि मंजुरीसाठीच्या फाइल कमी रिझोल्यूशनच्या पाठवा, फायनल फाइल पैसे आल्यावर. लेअर सुट्या असलेली मूळ फाइल कोटेशनमध्ये धरलेली नसते, मागितली तर तिचे वेगळे पैसे सांगा. फोनवर सांगितलेला प्रत्येक बदल "आत्ता बोललो त्याप्रमाणे..." अशा दोन ओळींनी मेलवर नोंदवा. आणि तिसऱ्या बदलाच्या वेळी शांतपणे आठवण द्या की ठरलेले बदल संपले आहेत.

सातवी पायरी: बिल आणि वसुली

बिलावर तुमचं नाव-पत्ता, पॅन, बिल क्रमांक, तारीख, क्लायंटचं पूर्ण नाव-पत्ता, कामाचं वर्णन, दिलेला वापर, रक्कम, पैसे देण्याची शेवटची तारीख आणि बँक खात्याचा तपशील. बिल क्रमांक दर आर्थिक वर्षाला एकापासून सुरू करून सलग ठेवा. कामाचे पैसे येण्यासाठी वेगळं बँक खातं उघडा, वर्षअखेरीस डोकेदुखी निम्मी होते.

कंपनी तुमच्या रकमेतून टीडीएस कापून घेते, व्यावसायिक फी म्हणून बहुधा १० टक्के. तो पैसा बुडालेला नसतो. तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा झालेला असतो आणि रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो. जास्त कापला गेला असेल तर परतावा मिळतो. पण कापलेला टीडीएस खरोखर जमा झालाय का, हे आयकर पोर्टलवर दर तिमाहीनंतर पाहा. जमा नसेल तर लगेच क्लायंटच्या अकाउंट्स विभागाला कळवा. वर्ष उलटल्यावर ते निस्तरणं फार जिकिरीचं होतं.

आता या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सूचना: उद्यम नोंदणी करा. आधार आणि पॅनवर, सरकारच्या उद्यम पोर्टलवर, ती पूर्णपणे मोफत होते. शुल्क मागणारी संकेतस्थळं खासगी एजंटांची असतात, तिकडे जाऊ नका. एकट्याने घरून काम करणारा चित्रकारही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद करू शकतो. आणि त्यामुळे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा तुमच्या मागे उभा राहतो. त्यानुसार लेखी ठरलेलं असलं तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही, आणि काहीच ठरलेलं नसेल तर ती १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देणं बंधनकारक आहे.

याला २०२३ च्या अर्थविधेयकाने आणखी धार आणली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत चुकवलं नाही, तर क्लायंटला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आपल्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे तुमचं बिल रखडवणं त्यांच्या करहिशेबाला महाग पडतं, आणि मार्च जवळ आला की अकाउंट्सवाल्यांना हे बरोबर आठवतं. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, आणि नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा.

वसुलीची भाषा कायम सौम्य आणि नेमकी असावी. मुदतीच्या दोन दिवस आधी आठवण. मुदत संपल्यावर: "सर, बिल क्र. १४, २८,००० रुपये, याची मुदत ५ तारखेला संपली. पैसे कोणत्या तारखेला जमा होतील ते कळवावं." "बघतो" हे उत्तर स्वीकारू नका, तारीख मागा. शक्यतो संपादकाला मध्ये न घेता अकाउंट्स विभागातल्या माणसाचं नाव मिळवा आणि त्याच्याशीच बोला. संपादकाशी चित्रांबद्दलचं नातं त्यामुळे शाबूत राहतं. दोन-तीन आठवड्यांनी व्याजाच्या तरतुदीचा उल्लेख करणारा मेल. त्यानंतरही हालचाल नसेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकीत बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे जाते. तक्रार करण्याआधी कोटेशन, होकाराचा मेल, फाइल पाठवल्याचा मेल आणि बिल हे चार कागद एका फोल्डरमध्ये लावून ठेवा. पैशाच्या दाव्यासाठी सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची असते, तेव्हा संकोचात वर्षं घालवू नका.

आठवी पायरी: कर

जीएसटीची भीती नवख्यांना उगाच वाटते. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. त्याआधी जीएसटी लावायचा नसतो, आणि नोंदणी नसताना बिलात तो लावणं चूक आहे. एखादी कंपनी "जीएसटी क्रमांक नसेल तर काम देता येणार नाही" म्हणते, तेव्हा आधी त्यांना ही मर्यादा सांगा. स्वेच्छेने नोंदणी करता येते, पण मग कामाचा आकार कितीही लहान असला तरी विवरणपत्रं नियमित भरत बसावी लागतात.

आयकराचा हिशेब मिळालेल्या पैशातून कामाचा खर्च वजा करून होतो. म्हणून रंगांच्या दुकानापासून सॉफ्टवेअरच्या वर्गणीपर्यंत प्रत्येक पावती जपा. लॅपटॉप-टॅबलेटवर घसारा मिळतो. अंदाजित उत्पन्नाच्या, म्हणजे खर्चाचा तपशीलवार हिशेब न मांडता मिळकतीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरण्याच्या, सोप्या योजना आहेत, पण इलस्ट्रेटर त्यातल्या नेमक्या कोणत्या योजनेत बसतो हे कामाच्या स्वरूपावर ठरतं. हा प्रश्न सीएलाच विचारा, मित्राच्या सांगण्यावरून रिटर्न भरू नका. टीडीएस वजा करून वर्षाचा कर १०,००० च्या वर जाणार असेल तर तो आगाऊ हप्त्यांनी भरायचा असतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. सीएने अंदाजित उत्पन्नाची योजना लावली असेल तर १५ मार्चचा एकच हप्ता.

महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला व्यवसाय कराची नोंदणीही करावी लागते, वर्षाला २,५०० रुपये. नोकरीत तो पगारातून कापला जायचा म्हणून अनेकांच्या हे लक्षातच येत नाही, आणि पुढे थकबाकी दंडासकट येते.

नववी पायरी: परदेशी काम

परदेशी क्लायंटचे पैसे थेट बँकेत, किंवा वाइझ, पेओनीर, पेपाल अशा सेवांमधून येतात. शुल्काबरोबर विनिमय दरातली तफावतही तपासा, खरा फटका बऱ्याचदा तिथे असतो. पैसे आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक वेळी उतरवून घ्या. उद्या जीएसटी नोंदणी झाली तर ही सेवा निर्यात होती हे दाखवायला तोच लागतो. नोंदणीनंतर दरवर्षी हमीपत्र भरून ठेवलं तर निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं.

अमेरिकी कंपनी डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म मागेल. मी अमेरिकेचा करदाता नाही, एवढंच त्यात मुख्यतः सांगायचं असतं. बिनधास्त भरा, पण रॉयल्टीचं काम असेल तर किती टक्के कापणार हे आधी विचारा. बिल त्यांच्या चलनात करा, आणि बँकेचे शुल्क कोण सोसणार हे कोटेशनमध्येच लिहा.

दहावी पायरी: काम मिळवणं आणि टिकवणं

पोर्टफोलिओत जे काम पुढे हवंय तेच ठेवा. मुलांची पुस्तकं करायची असतील तर एकच पात्र वेगवेगळ्या प्रसंगांत, वेगवेगळ्या भावांत दाखवणारी पानं लागतात. एक देखणं सुटं चित्र तिथे पुरत नाही, कारण संपादकाला पात्र चौदा पानं तसंच राहील का हे बघायचं असतं. ज्यांना पाठवताय त्यांची पुस्तकं आधी चाळा. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं किंवा 'किशोर'चे अंक हातात घेऊन बघा, म्हणजे आपली शैली कुठे बसते ते कळतं. मेलमध्ये पाच-सहा चित्रं, दोन परिच्छेद आणि पोर्टफोलिओची लिंक पुरे. उत्तर आलं नाही तर दोन-तीन महिन्यांनी नवी चित्रं घेऊन पुन्हा लिहा.

तुमचे दर वर्षातून एकदा, एप्रिलच्या सुरुवातीला वाढवा आणि जुन्या क्लायंटना महिनाभर आधी कळवा. कारणांची यादी द्यायची गरज नाही, नवा दर आणि तो कधीपासून, एवढं पुरतं. त्याच वेळी जुन्या कामांची वही उघडा: कोणत्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली, कोणत्या परवान्याची मुदत संपली, कुठे चित्र ठरलेल्या वापरापलीकडे गेलंय. प्रत्येकाला एक साधा मेल: "दुसरी आवृत्ती आल्याचं पाहून आनंद झाला. आपल्या मेलप्रमाणे पुढच्या आवृत्तीचं मानधन वेगळं ठरवायचं होतं, त्याचं कोटेशन सोबत जोडलं आहे." खाली मूळ होकाराचा मेल तसाच ठेवा.